चिपच्या वेगाचे भांडण

गेल्या वर्षी जून महिन्यात शेजारच्या गावातील एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे आले. शाळेला संगणक घ्यायचे होते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून रक्कम जमविली होती, त्यामुळे एक रुपयाही वाया जाऊ नये ही त्यांची काळजी. त्यांच्या हातात दोन माहितीपत्रके होती. एकावर ठळक अक्षरांत छापले होते, ‘प्रतिस्पर्धी चिपपेक्षा दीडपट वेगवान!’ दुसऱ्यावरही तेच छापले होते. गंमत अशी, की पहिल्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे दुसरा आणि दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे पहिला.

‘‘सर, या दोघांतला खोटे कोण बोलतो आहे?’’ त्यांनी विचारले.

‘‘कदाचित कोणीच नाही,’’ मी म्हणालो.

मित्रांनो, तुम्हालाही हे उत्तर विचित्र वाटेल. अ हा ब पेक्षा वेगवान आणि ब हा अ पेक्षा वेगवान, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? पण थोडे थांबा. आमच्या वारणा खोऱ्यात ही गोष्ट समजावून द्यायला संगणकापासून सुरुवात करावी लागत नाही; दुधापासून करता येते.

समजा, एखाद्या डेअरीत दुधाला नुसत्या लिटरवर दर मिळतो. मग काय होईल, हे सांगायला नकोच. दुधात पाणी पडेल. म्हणून डेअरीवाले लॅक्टोमीटर आणतात. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, सुमारे १.०३ असते. पाणी मिसळले की घनता उतरते, लॅक्टोमीटर खोल बुडतो आणि ‘डिग्री’ कमी दिसते. चोर सापडला! पण दुधातील स्निग्धांश पाण्यापेक्षाही हलका असतो. कोणी आधी साय काढून घेतली, तर उरलेले दूध जड होते आणि डिग्री वाढते. आता त्यात बेताने पाणी घाला. डिग्री पुन्हा पूर्वीच्या जागी! लॅक्टोमीटर बिघडलेला नाही, वाचणाराही खोटे बोलत नाही; तरी दूध मात्र दोनदा लुबाडले गेले आहे. म्हणूनच संकलन केंद्रावर डिग्रीबरोबर फॅटही पाहतात. जे माप पैशाला बांधले जाते, त्या मापाभोवती माणसाची अक्कल धावू लागते. चिपच्या बाजारात नेमके हेच होते, फक्त रक्कम फार मोठी असते.

तेथे लॅक्टोमीटरची जागा ‘बेंचमार्क’ने घेतली आहे. हा शब्द मूळचा भूमापनातला. मराठीत त्याला तलचिन्ह म्हणतात. भूमापक एखाद्या पक्क्या दगडावर किंवा इमारतीच्या जोत्यावर खूण कोरतात. तिची समुद्रसपाटीपासूनची उंची काटेकोरपणे मोजलेली असते आणि आसपासच्या जागांची उंची तिच्यावरून काढतात. नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभापाशी १९०७ सालचे असे तलचिन्ह आहे. संगणकात बेंचमार्क म्हणजे ठरलेले काम करणारी एक आज्ञावली. ती दोन यंत्रांवर चालवायची आणि घड्याळ लावायचे. मात्र दगडावरची खूण वर सरकल्याने भूमापकाला काही लाभ नसतो. बेंचमार्कचा आकडा वर सरकला, की चिप करणाऱ्याचा माल खपतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, तेही आपल्या पुण्याचे. २००७ साली टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या पुण्यातील संस्थेने ‘एका’ नावाचा महासंगणक उभारला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो चौथा आला, आशियात पहिला. त्यात इंटेल कंपनीच्या झिऑन चिपांचे मिळून १४,२४० गाभे होते. प्रत्येक गाभ्याचे घड्याळ ३ गिगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके. प्रत्येक ठोक्याला एक गाभा दशांश अपूर्णांकांच्या ४ गणितक्रिया करू शकत असे. वही घ्या आणि गुणाकार करा: १४,२४० × ३ × ४ = १,७०,८८० अब्ज क्रिया, दर सेकंदाला. यालाच १७०.८८ टेराफ्लॉप म्हणतात.

हा झाला कागदावरचा वेग, शिखर-वेग. यादीत ‘एका’चा क्रमांक ज्या आकड्यावर लागला तो मात्र ११७.९ टेराफ्लॉप होता, म्हणजे शिखराच्या ६९ टक्के. बाकीचे ३१ टक्के गेले कुठे? ते कोणी खाल्ले नाहीत. गाभा बेरीज करायला तयार असतो, पण बेरजेचे आकडे स्मृतीतून किंवा शेजारच्या कपाटातून यायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो हात चोळत बसतो. साखर कारखान्याची गाळप क्षमता कितीही असो, उसाच्या गाड्या वेळेवर गव्हाणीला लागल्या नाहीत तर मिल रिकामीच फिरणार.

११७.९ हा आकडा ‘लिनपॅक’ नावाच्या बेंचमार्कवर मिळाला. त्याचे काम तुमच्या ओळखीचे आहे. दहावीत तुम्ही दोन चलांची दोन एकसामयिक समीकरणे सोडविता. लिनपॅकमध्ये लाखो चलांची लाखो समीकरणे सोडवायची असतात. १९९३ पासून जगातील ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा याच कसोटीवर लावतात. यात एक बारकावा आहे. समीकरणे दुप्पट केली, की साठवायचे आकडे चौपट होतात, पण गणितक्रिया आठपट होतात. म्हणजे प्रश्न जितका मोठा, तितकी दर आकड्यामागे कामे जास्त आणि वाट पाहणे कमी. किती मोठा प्रश्न घ्यायचा हे नियमाप्रमाणे यंत्राच्या मालकाने ठरवायचे असते! साहजिकच प्रत्येकजण स्मृतीत मावेल तेवढा मोठा प्रश्न घेतो. यात लबाडी नाही, पण हवामानाच्या अंदाजाचे गणित असे सोयीचे नसते. तेथे क्रिया थोड्या आणि आकड्यांची ने-आण फार. अशा कामासाठी ‘एचपीसीजी’ नावाची दुसरी कसोटी पुढे तयार झाली. जपानच्या फुगाकू महासंगणकाचा शिखर-वेग सुमारे ५३७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे हजार टेराफ्लॉप. लिनपॅकवर त्याला ४४२ मिळाले आणि एचपीसीजीवर फक्त १६. यंत्र तेच, घड्याळ तेच. शिखराच्या ८२ टक्के खरे की ३ टक्के? दोन्ही खरे.

पुण्याचेच आणखी एक उदाहरण याहून बोलके आहे. सी-डॅक या संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा आला. त्याचा लिनपॅकवरचा वेग सुमारे ४.६ पेटाफ्लॉप. पण त्याच यंत्राचे वर्णन ‘२१० एआय पेटाफ्लॉप’ असेही करतात. पंचेचाळीसपटीचा फरक! कारण लिनपॅकमध्ये प्रत्येक संख्या ६४ बिटांत मांडतात, म्हणजे सुमारे १५-१६ अंकांपर्यंत अचूक. चेहरा ओळखणे किंवा भाषांतर करणे अशा कृत्रिम बुद्धीच्या कामांना एवढी अचूकता लागत नाही; १६ बिट पुरतात. शिवाय शून्याने होणारे गुणाकार गाळता आले तर वेग आणखी वाढतो, आणि २१० हा आकडा असल्या सवलती धरून काढलेला शिखर-वेग आहे. π ची किंमत ३.१४ धरून उदाहरण सोडविणारा मुलगा ३.१४१५९२६५ घेणाऱ्यापेक्षा लवकर उठणारच. दोघांची उत्तरे आपापल्या जागी चालतात. मात्र ‘कोण आधी उठला’ एवढेच छापले आणि π किती घेतला हे गाळले, तर वाचणारा फसेल.

एवढी तयारी झाल्यावर आता भांडणांकडे वळू.

ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटेलने आपली नवी कोअर आय-९ ९९००-के ही चिप जाहीर केली. तिची तुलना एएमडी कंपनीच्या रायझन ७ २७००-एक्सशी करायचे काम इंटेलने पैसे देऊन एका चाचणी संस्थेला दिले होते. संगणकीय खेळांवर चाचण्या झाल्या आणि इंटेल चांगलीच पुढे असल्याचे आकडे आले. जाणकारांनी अहवालातील बारीक अक्षरे वाचली आणि गदारोळ उडाला. रायझन चिप ‘गेम मोड’ नावाच्या मांडणीत चालविली होती. नाव ऐकून वाटेल, खेळांसाठी हेच योग्य! पण या मांडणीत त्या चिपचे आठपैकी चार गाभे बंद होतात. ती सोय मुळात एएमडीच्याच दुसऱ्या, जास्त गाभ्यांच्या चिपांसाठी होती. शिवाय इंटेलच्या चिपवर मोठा, वेगळा विकत घेतलेला शीतक बसविला होता, तर एएमडीच्या चिपवर खोक्यात मिळणारा.

शीतकाने एवढे काय बिघडते, असे विचारू नका. येथे आपले पदार्थविज्ञान येते. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती साधारणपणे धारकता × विभवांतराचा वर्ग × वारंवारता या गुणाकाराच्या प्रमाणात असते. घड्याळ १० टक्के जलद करायला विभवांतरही १० टक्के वाढवावे लागले, तर शक्ती १.१ × १.१ × १.१ = १.३३ पट, म्हणजे उष्णता एक तृतीयांशाने जास्त. ती बाहेर काढता आली नाही, तर आधुनिक चिप स्वतःला वाचविण्यासाठी आपले घड्याळ मंद करते. आपला मोबाइल उन्हात ठेवून एखादा जड खेळ खेळून पाहा. तो अडखळू लागेल. सावलीत गार होऊ द्या, पुन्हा सुरळीत चालेल. (फोन घरातल्या मोठ्या माणसांचा असेल तर आधी विचारा.)

टीका झाल्यावर त्या संस्थेने सर्व गाभे चालू ठेवून चाचण्या पुन्हा घेतल्या. इंटेलची आघाडी घटली, पण नाहीशी झाली नाही. मला या प्रकरणात हेच सर्वांत नवलाचे वाटते. सरळ शर्यतीतही जो जिंकणारच होता, त्याच्या बाजूने प्रतिस्पर्ध्याचा पाय बांधला गेला. जाणूनबुजून की अज्ञानाने, हे मी सांगू शकत नाही. परंतु प्रयोगाच्या अटी अहवालात छापलेल्या होत्या म्हणूनच चूक उघडकीस आली, हे त्या संस्थेच्या बाजूने म्हटले पाहिजे.

दुसरी कथा नावाची आहे. प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात त्याच्या उत्पादकाचे नाव नोंदलेले असते आणि आज्ञावली ते वाचू शकते. तैवानच्या व्हिया कंपनीच्या ‘नॅनो’ चिपमध्ये हे नाव बदलता येत असे. २००८ साली एका परीक्षकाने तिला इंटेलचे नाव दिले आणि त्या काळातील एका लोकप्रिय बेंचमार्कमधील स्मृतीची चाचणी घेतली. गुण सुमारे ४७ टक्क्यांनी वाढले! चिप तीच, स्मृती तीच, बदलले फक्त नाव. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे आपण वर्गात शिकतो. त्याचे इतके नेटके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आज्ञावली चिपची ताकद न पाहता तिचे आडनाव पाहत होती.

अशीच तक्रार इंटेलच्या कंपायलरबद्दलही होती. माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे चिपच्या भाषेत रूपांतर करणारे साधन म्हणजे कंपायलर. इंटेलच्या कंपायलरने तयार केलेली आज्ञावली चिपचे नाव तपासते आणि ते इंटेलचे नसेल तर तिला संथ वाटेने पाठविते, असे आढळले होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २००९ मध्ये इंटेलविरुद्ध जी तक्रार दाखल केली, तीत हाही मुद्दा होता. २०१० मध्ये तडजोड झाली आणि आपला कंपायलर इतरांच्या चिपांशी भेदभाव करतो, हे आज्ञावलीकारांना कळविणे इंटेलला भाग पडले.

यावर उपाय म्हणून एखादी सर्वांना मान्य असलेली कसोटी का करू नये? तशी आहे. १९८८ मध्ये संगणक कंपन्यांनीच एकत्र येऊन ‘स्पेक’ नावाची संस्था काढली. १९८९ सालच्या तिच्या पहिल्या संचात दहा आज्ञावल्या होत्या. त्यांपैकी ‘मॅट्रिक्स-३००’ हिचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जात असे. हे कळताच कंपायलर करणाऱ्यांनी ती ओळ धरून असे काही डाव लढविले, की तिचा वेग कित्येक पटींनी वाढला आणि तिच्यामुळे सरासरीही फुगली. पुढच्या, १९९२ सालच्या संचातून ती काढून टाकावी लागली. बत्तीस वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, याच संस्थेने इंटेलच्या झिऑन चिपांवर घेतलेल्या २,६०० हून अधिक निकालांवर शेरा मारला. कंपायलरने एका आज्ञावलीसाठी, तिच्यातील मजकूर आधीच ठाऊक असल्यासारखी, इतरत्र फारशी उपयोगी न पडणारी सुधारणा केली होती, असा तो शेरा. परीक्षेत कोणता प्रश्न येणार हे कळल्यावर तेवढाच पाठ करून जाणारा विद्यार्थी तुम्ही पाहिला असेल. त्याचे गुण खरे असतात!

आता मुख्याध्यापकांच्या कोड्याकडे येऊ. दोन यंत्रे घ्या, क आणि ख. दोन आज्ञावल्या घ्या. पहिलीला क १० सेकंद घेतो, ख ४० सेकंद. दुसरीला उलट: क ४० आणि ख १०. क चा विक्रेता म्हणतो, पहिल्या कामात माझे यंत्र ४ पट वेगवान, दुसऱ्यात पाव पट; ४ आणि ०.२५ यांची सरासरी २.१२५, म्हणून माझे यंत्र दुपटीहून वेगवान. ख चा विक्रेता हेच गणित ख च्या बाजूने मांडतो आणि त्यालाही २.१२५ मिळतात. दोघांचा हिशेब बरोबर आहे, तरी दोन्ही यंत्रे एकमेकांपेक्षा दुपटीहून वेगवान ठरली! बेरजेच्या सरासरीऐवजी गुणाकाराची सरासरी, म्हणजे भूमितीय मध्य काढा: ४ × ०.२५ = १, आणि १ चे वर्गमूळ १. यंत्रे समान. दोन्ही कामांचा एकूण वेळही दोघांचा ५० सेकंदच आहे. स्पेक संस्था म्हणूनच भूमितीय मध्य वापरते. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर जरूर करून दाखवावे.

परंतु खरी अडचण गणिताने सुटत नाही. आमच्या कोल्हापुरात कुस्तीवरून जो वाद होतो, तोच येथे आहे. मातीतला मल्ल आणि मॅटवरचा मल्ल यांची कुस्ती कोठे लावायची? माती घेतली तर एक म्हणणार अन्याय, मॅट घेतली तर दुसरा म्हणणार अन्याय. डिसेंबर २०२३ मध्ये एएमडीने आपली एमआय-३००-एक्स ही चिप एनव्हिडियाच्या एच-१०० पेक्षा एका मोठ्या भाषा-प्रतिमानावर जास्त वेगवान असल्याचे दाखविले. आठवडाभरात एनव्हिडियाने उत्तर दिले: तुम्ही आमच्या चिपवर आमची खास आज्ञावली वापरलीच नाही, ती वापरली तर आम्हीच पुढे. एएमडीने उलट सुनावले: तुम्ही स्वतःसाठी ८ बिटांचे आकडे घेतले आणि आमचे १६ बिटांचे निकाल शेजारी ठेवले. मौजेची गोष्ट म्हणजे पुण्याच्या परम सिद्धीत याच दोन कंपन्यांच्या चिपा एकाच पेटीत शेजारी बसून गुण्यागोविंदाने काम करतात.

या भांडणात दोन वेगवेगळे न्याय आहेत. एक म्हणतो, दोघांना तंतोतंत सारखे काम आणि सारखे साधन द्या. दुसरा म्हणतो, प्रत्येकाला आपापल्या उत्तम पद्धतीने लढू द्या. स्पेकने दोन्ही मानले. त्यांच्या निकालांत ‘बेस’ आणि ‘पीक’ असे दोन रकाने असतात. पहिल्यात सर्व आज्ञावल्यांना कंपायलरची सारखीच मांडणी, दुसऱ्यात प्रत्येकीला वेगळी चालते. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘एमएलपर्फ’ या कसोटीतही एक बंदिस्त आणि एक खुला असे दोन विभाग आहेत. माझे मत विचाराल तर शाळेसारख्या ग्राहकाने ‘बेस’ पाहावा. आपल्याकडे प्रत्येक आज्ञावली घासूनपुसून देणारा तज्ज्ञ बसलेला नसतो.

आणि कधी कधी चिपचा वेग हा प्रश्नच नसतो. १९९८ साली वारणा परिसरातील ७० गावांत संगणक पोहोचविणारा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले. पुढे संशोधकांनी पाहिले, की ऊस उत्पादक त्या संगणकापाशी येतात ते मुख्यतः आपला ऊस किती गेला, बिल किती झाले हे विचारायला. २००७ च्या सुमारास काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले, आणि काम झाले. त्या उत्तराला फार तर दोन ओळी लागत होत्या.

हे सारे मुख्याध्यापकांना सांगून झाल्यावर आम्ही पत्रके बाजूला ठेवली. शाळेतील गणिताच्या बाई, मुख्याध्यापक आणि मी अशा तिघांनी बसून शाळेचा संगणक दिवसभर काय करणार याची यादी केली: मराठी टंकलेखन, निकालपत्रके, प्रयोगांची चित्रे, चित्रफिती, आणि तास सुरू होताच सगळी यंत्रे एकदम चालू करणे. दोन्ही दुकानदारांनी एकेक यंत्र पाहायला दिले. बाईंनी मनगटावरचे घड्याळ लावले. टंकलेखनात आणि निकालपत्रकांत दोन्ही यंत्रे सारखीच ठरली. यंत्र चालू होण्यात मात्र मोठा फरक पडला, आणि तो चिपमुळे नव्हता! एका यंत्रात फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची डिस्क होती, दुसऱ्यात फिरता भाग नसलेली एसएसडी. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सुरुवातीची दोन मिनिटे जाणे शाळेला परवडत नाही. डिस्कचा उल्लेख एकाही पत्रकाच्या पहिल्या पानावर नव्हता.

शाळेने दुसरे यंत्र घेतले. ते थोडे स्वस्तही पडले, आणि उरलेल्या पैशांत यूपीएस बसविण्यात आला.